बंडवाले आणि घरवाले

गोल्फशी आपला मध्यमवर्गीयांचा संबंध म्हणजे बसच्या खिडकीतून दिसणाऱ्या हिरवळीपुरता. कुंपणापलीकडे एक साहेब, त्याच्या मागे पिशवी उचलणारा एक पोऱ्या, आणि दोघेही काहीतरी हरवल्यासारखे गवतात शोधताहेत, एवढे दिसेपर्यंत आपला स्टॉप येतो. तेव्हा दिवाळी अंकातल्या या सदरात क्रिकेट सोडून यंदा गोल्फ कशाला, असे वाचक विचारतील आणि त्यांचे बरोबरच आहे. पण मामला खेळाचा कमी आणि घर फुटल्याचा जास्त आहे. भाऊबंदकीची गोष्ट मराठी माणसाने मध्येच मिटून ठेवली, असे कधी झालेले मला तरी आठवत नाही.

आधी घर कोणते ते सांगतो. अमेरिकेतली पीजीए टूर ही व्यावसायिक गोल्फपटूंची जगातली सर्वांत बडी संस्था. जवळजवळ दर आठवड्याला नव्या गावी स्पर्धा. गुरुवार ते रविवार असे चार दिवस, रोज अठरा होल, म्हणजे एकूण बहात्तर. यातली खरी गंमत, किंवा म्हणा खरा निर्दयपणा, शुक्रवारी संध्याकाळी असतो. दोन दिवसांचा हिशेब मांडून साधारण पहिले पासष्ट ठेवायचे आणि बाकीच्यांना निरोप द्यायचा. याला 'कट' म्हणतात. कटमध्ये जो गेला त्याला नेहमीच्या स्पर्धांत एक पैसासुद्धा मिळत नसे. विमानाचे भाडे त्याचे, हॉटेलचे बिल त्याचे, आणि पिशवी उचलणाऱ्या कॅडीचा आठवड्याचा पगारही त्याच्याच खिशातून. टीव्हीवर आपल्याला जे हसतमुख कोट्यधीश दिसतात, ते रविवारपर्यंत उरलेले. शुक्रवारी रात्री गाडीत सामान टाकणारे कोणी दाखवत नाही.

या घराशेजारी २०२२ च्या जूनमध्ये एक नवे घर उभे राहिले. त्याचे नाव लिव्ह गोल्फ. घड्याळाच्या तबकडीवर असतात तसे रोमन आकडे घ्या: एल म्हणजे पन्नास, आय-व्ही म्हणजे चार. चोपन्न झाले. तीन दिवस, रोज अठरा होल, म्हणून चोपन्न. ९ जूनला लंडनजवळच्या सेंच्युरियन क्लबवर पहिली स्पर्धा लागली. खेळाडू अठ्ठेचाळीस, चौघाचौघांचे बारा संघ. सगळ्यांनी वेगवेगळ्या होलवरून एकाच वेळी सुरुवात करायची, जशी लग्नात सगळ्या पंगती एकदम बसवतात तशी. कडेला मोठ्याने गाणी. आणि मुख्य म्हणजे कट नाही. बक्षिसांची एकूण रक्कम अडीच कोटी डॉलर. दक्षिण आफ्रिकेचा शार्ल श्वार्टझेल पहिला आला. संघाचा वाटा धरून त्याने तीन दिवसांत साडेसत्तेचाळीस लाख डॉलर नेले. शेवटचा, म्हणजे अठ्ठेचाळिसावा, होता अँडी ओगल्ट्री हा अमेरिकन तरुण. त्याला मिळाले एक लाख वीस हजार डॉलर. त्या वेळच्या भावाने नव्वद लाख रुपयांच्या वर.

हे मी घरात वाचून दाखवले तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, शेवटच्यालासुद्धा?" आणि मग थोडा विचार करून, "मग बिघडलं काय त्यात? तोही तीन दिवस उन्हात राबलाच ना!"

या प्रश्नाशी मी बरेच दिवस अडखळलो आहे. कारण आपण सारे पगारी माणसे. पहिल्या तारखेला जे हातात पडते त्यावर आपली मुले शिकली आणि घराचे हप्ते फिटले. यंदा आपल्या कचेरीत तुमचे काम सहासष्टाव्या क्रमांकाचे झाले, तेव्हा पगार शून्य आणि गाडीभाडे तुमचे, असे कोणी सांगितले असते तर आपण मोर्चा काढला असता. मग गोल्फवाल्याने कायमच्या नोकरीकडे धाव घेतली तर त्याला लोभी कोणत्या तोंडाने म्हणायचे? पण हाच मी संध्याकाळी टीव्हीपुढे बसतो तेव्हा माझा न्याय उलटा होतो. समोरचा माणूस सहा फुटांवरचा पट चुकला तरी त्याची आमटी आज अळणी होणार नाही, हे मला ठाऊक झाले की माझे लक्ष उडते. खेळाडूला जे हवे ते प्रेक्षकाला नको आहे. ही या लीगची मूळची अडचण. बाकी सगळ्या तिच्या मागून आल्या.

बाकीच्यांत पहिली पैशाची. हा पैसा सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीचा, आणि त्या निधीचे अध्यक्ष खुद्द युवराज महंमद बिन सलमान. २०१८ च्या ऑक्टोबरात जमाल खशोगी हा पत्रकार इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत मारला गेला, ते प्रकरण लोक विसरले नव्हते. २०२२ च्या जुलैत लीगची स्पर्धा न्यूयॉर्कजवळ बेडमिन्स्टर येथे ट्रम्प यांच्या क्लबवर झाली. तेव्हा ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात माणसे गमावलेल्या कुटुंबांनी निषेध केला, कारण त्या विमानांतले बहुतेक अपहरणकर्ते सौदी नागरिक होते. फिल मिकलसन या नामवंत खेळाडूने तर त्याआधीच एका लेखकाजवळ मन मोकळे केले होते: ही माणसे भयंकर आहेत हे मला कळते, पण टूरला वठणीवर आणायची अशी संधी पुन्हा येणार नाही, अशा अर्थाचे. ते छापून आले, जाहिरातदार पळाले, माफीनामा निघाला. आणि मग मिकलसन त्या भयंकर माणसांकडे खेळायला गेला.

टूरचा संताप मोठा होता. लंडनला पहिला चेंडू उडून अर्धा तास होतो न होतो तोच टूरचे आयुक्त जे मोनाहन यांचे पत्र निघाले आणि गेलेले सतरा खेळाडू निलंबित झाले. वर्षभर नीतीची व्याख्याने झाली. कोणत्या तोंडाने तो पैसा घेता, वगैरे. टायगर वुड्सला सत्तर-ऐंशी कोटी डॉलरच्या घरात देऊ केले होते, असे लीगचे तेव्हाचे प्रमुख ग्रेग नॉर्मन यांनीच सांगितले. वुड्स गेला नाही. रॉरी मॅकिलरॉय तर टूरचा वकील होऊन गावोगाव बोलत राहिला. आणि ६ जून २०२३ ला हेच मोनाहन सौदी निधीच्या प्रमुखांशेजारी टीव्हीवर बसून म्हणाले, आमचा समझोता झाला! खेळाडूंना ही बातमी आपल्यासारखीच फोनवर वाचून कळली. नीतीसाठी कोट्यवधी नाकारून घरी बसलेल्यांची तोंडे त्या दिवशी कशी झाली असतील, हे थोरल्या भावाच्या सांगण्यावरून धाकट्याशी वर्षभर अबोला धरलेल्या कोणत्याही वहिनीला समजेल.

समझोता कागदावरच राहिला. वर्षअखेरची मुदत टळली, २०२४ च्या जानेवारीत टूरने अमेरिकन धनिकांच्या एका गटाकडून दीड अब्ज डॉलरचे भांडवल घेतले, २०२५ च्या फेब्रुवारीत थेट व्हाइट हाउसमध्ये बैठक झाली, तरी गाडे जागचे हलले नाही.

गंमत अशी की ज्या घरातून हे पळाले ते घरच मुळात पळून आलेल्यांचे आहे. १९६८ साली अर्नोल्ड पामर, जॅक निकलस वगैरे मंडळींनी अमेरिकेतल्या जुन्या पीजीए संघटनेविरुद्ध उठाव केला. त्या संघटनेत क्लबांवर शिकवण्या करणारे गुरुजी फार आणि स्पर्धा खेळणारे थोडे. टीव्हीचा पैसा येऊ लागला आणि तो कोणी वाटायचा यावरून चूल वेगळी झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तडजोड झाली आणि त्या वेगळ्या चुलीची पुढे पीजीए टूर बनली. ग्रेग नॉर्मनचाही हा पहिला घाट नव्हे. १९९४ मध्ये त्याने रूपर्ट मर्डॉक यांच्या टीव्ही कंपनीच्या आधाराने जागतिक टूर काढण्याचा बेत जाहीर केला होता. टूरने तो हाणून पाडला. पामर, म्हणजे १९६८ चा बंडवाला, तोही विरोधात उभा राहिला. आणि १९९९ पासून टूरने स्वतःच निवडक खेळाडूंच्या जागतिक स्पर्धा सुरू केल्या. नॉर्मनला कोणी साधे पोस्टकार्डही टाकले नसावे.

आता क्रिकेटकडे वळायला हरकत नाही, कारण या लीगचे भवितव्य पाहायचे तर केरी पॅकरच्या सर्कशीइतका चांगला आरसा नाही. ऑस्ट्रेलियातल्या या टीव्हीवाल्याला कसोटी सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क हवे होते. १९७६ मध्ये मंडळाने त्याला वाटेला लावले. त्याने गुपचूप जगातले उत्तम खेळाडूच विकत घेतले: चॅपेल, लिली, लॉइड, रिचर्ड्स, इम्रान, ग्रेग. १९७७ च्या मे महिन्यात ते फुटले. त्या हिवाळ्यात, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात, आपला संघ बेदीच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियात गेला आणि समोर कोण? दुसऱ्या फळीची पोरे आणि त्यांचा कर्णधार बॉब सिम्प्सन. निवृत्त होऊन दहा वर्षे झालेला, एक्केचाळीस वर्षांचा माणूस पुन्हा पॅड बांधून आला होता.

ज्यांनी ती मालिका रेडिओवर ऐकली त्यांना मी काय सांगणार! ब्रिस्बेनला आपण सोळा धावांनी हरलो, पर्थला दोन गड्यांनी. मेलबर्नला चंद्रशेखरने दोन्ही डावांत सहा-सहा बळी घेतले, सिडनीला आपण डावाने जिंकलो, आणि अॅडलेडला ४९३ धावांचा पाठलाग करताना ४४५ पर्यंत जाऊन पडलो. गावसकरची तीन शतके. मालिका ३-२. त्याच वेळी मेलबर्नच्याच दुसऱ्या मैदानावर जगातले सर्वश्रेष्ठ खेळाडू पॅकरसाठी रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळत होते. नावे सगळी तिकडे होती, पण सामना इकडे होता. लिलीचा चेंडू तितकाच वेगाने येत होता, पण तो कोणासाठी आणि कोणाविरुद्ध, हे प्रेक्षकाला कळत नव्हते.

दुसऱ्या वर्षी पारडे फिरले. इंग्लंडने त्या दुसऱ्या फळीला ५-१ असे धुतले, लोक कंटाळले. तिकडे पॅकरने २८ नोव्हेंबर १९७८ ला सिडनीच्या मैदानावर दिवे लावले आणि पांढऱ्या चेंडूचा सामना पाहायला चाळीस हजारांवर माणसे आली. मे १९७९ मध्ये मंडळाने हात टेकले. पॅकरला प्रक्षेपणाचे हक्क मिळाले आणि त्याने दुसऱ्या दिवसापासून आपले दुकान आवरायला घेतले. त्याला लीग चालवायचीच नव्हती. त्याला हवे होते ते मिळाले. मागे राहिले काय? रात्रीचे क्रिकेट, रंगीत कपडे आणि खेळाडूंचे वाढलेले मानधन. हे सारे ज्या मंडळाने त्याला शिव्या घातल्या त्याच मंडळाच्या ताटात.

गोल्फच्या या लीगला पॅकरसारखी एकच नेमकी मागणी कधी सांगता आली नाही. मान हवा, टेबलावर खुर्ची हवी, जगाने आपल्याकडे पाहावे, असे काहीतरी. अशी मागणी पुरी झाली की नाही हे कळायचे कसे? दुसरे असे की तिचे संघ कुठल्याच गावचे नाहीत. क्रशर्स, फायरबॉल्स, हायफ्लायर्स ही नावे ऐकून फटाक्यांच्या दुकानात उभे असल्यासारखे वाटते. मुंबई हरली की आपल्या पोटात खड्डा पडतो. हायफ्लायर्स हरले तर कोणाच्या पोटात पडावा? याला अपवाद अॅडलेडचा. तिथे चारही ऑस्ट्रेलियनांचा रिपर नावाचा संघ आहे. २०२४ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेच्या चौघांना जादा होलवर हरवून घरच्या मैदानावर जिंकला तेव्हा गर्दी वेडी झाली होती. पैशाने जे इतरत्र जमले नाही ते तिथे जमले, कारण घरचा संघ आणि परक्याचा संघ ही वाटणी तिथे लोकांच्या मनात आधीच होती.

तरीही लीग फुकट गेली असे मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये ब्रुक्स केपकाने लिव्हचा खेळाडू म्हणून पीजीए चॅम्पियनशिप जिंकली, २०२४ मध्ये ब्रायसन डीशाँबोने यूएस ओपन. पण मला जास्त मौज वाटते ती दोन्ही घरांनी एकमेकांच्या वस्तू कशा उचलल्या याची. बंड झाल्यावर टूरने बक्षिसे वाढवली. प्लेयर्स चॅम्पियनशिपच्या विजेत्याला २०२२ मध्ये छत्तीस लाख डॉलर मिळाले होते, २०२३ मध्ये पंचेचाळीस लाख. पूर्ण हक्काच्या सभासदाला वर्षाकाठी किमान पाच लाख डॉलरची हमी दिली. २०२४ पासून मोठ्या बक्षिसांच्या काही खास स्पर्धा ठेवल्या, थोड्या खेळाडूंच्या, आणि त्यांतल्या बहुतेकांत चक्क कट नाही! इकडे लिव्हला जागतिक क्रमवारीचे गुण हवे होते. २०२३ च्या ऑक्टोबरात तिचा अर्ज फेटाळला गेला. लीगने तळाच्या खेळाडूंना वर्षअखेर बाहेर काढायचा नियम ठेवला. २०२५ मध्ये त्या नियमात हेन्रिक स्टेन्सनसारखा ब्रिटिश ओपन जिंकलेला कर्णधार बाहेर गेला. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिने जाहीर केले की २०२६ पासून आम्ही तीनऐवजी चार दिवस खेळणार. म्हणजे बहात्तर होल. नाव मात्र चोपन्नच! घरवाल्यांनी शुक्रवारची भीती काढून टाकायला घेतली आणि बंडवाल्यांनी ती मागच्या दाराने आत आणली.

२०२५ च्या डिसेंबरात केपकाने लिव्ह सोडली. जानेवारीत टूरने परतणाऱ्यांसाठी दार किलकिले केले. अटी अशा की पन्नास लाख डॉलर दानधर्माला द्यायचे आणि पाच वर्षे टूरच्या भागभांडवलात वाटा मागायचा नाही. दंड भरून पंगतीत घेण्याची पद्धत आपल्याकडेही होती.

मला विचाराल तर पहिल्या रूपात या लीगला मी दीर्घायुष्याचा आशीर्वाद दिला नसता, आणि आजही देत नाही. तिकिटावर आणि टीव्हीवर जी जगत नाही, ती दात्याच्या मर्जीवर जगते. आणि राजेरजवाड्यांनी पाळलेल्या नाटक कंपन्यांचे पुढे काय झाले ते आपल्या आजोबांना ठाऊक होते. पण माझा जीव दात्यासाठी कासावीस होत नाही. तो त्या शेवटून पहिल्या ओगल्ट्रीसाठी होतो. लंडननंतर त्याला लीगने ठेवले नाही. तो आशियाई टूरवर गेला, तिथे २०२३ मध्ये मालिकेत अव्वल ठरून पुन्हा लिव्हमध्ये शिरला. या माणसाला कोणी बंडखोर म्हणो, मला तो बदलीच्या ऑर्डरीवर गावोगाव फिरणारा कारकूनच वाटतो.

आणि आपला अनिर्बान लाहिरी. जन्म पुण्याचा, १९८७ सालचा. वडील लष्करात डॉक्टर, त्यांच्याच हाताखाली गोल्फ शिकला. २०२२ च्या मार्चमध्ये प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये तो एका फटक्याने दुसरा आला. टूरवरची त्याची ती सर्वांत मोठी कमाई. पाच महिन्यांनी तो लिव्हमध्ये गेला. २०२४ च्या जुलैत स्पेनमध्ये सर्जियो गार्सियाकडून जादा होलवर हरला. पैसा उदंड मिळाला असेल. पण तेव्हा क्रमवारीचे गुण नव्हते म्हणजे क्रमवारी घसरणार होती, आणि ती घसरली की चार मोठ्या स्पर्धांची दारे एकेक करून लागणार होती. घर चालवायला मिळाले आणि नाव करायचे राहिले, हा सौदा पस्तिशीतल्या बापमाणसाने केला तर मी त्याला नावे ठेवणार नाही. बाविशीतल्याने केला तर मात्र त्याच्या कानाशी लागून अंबाती रायुडूची गोष्ट सांगेन.

२००७ साली आपल्याकडे एका टीव्हीवाल्याला क्रिकेटचे हक्क मिळाले नाहीत म्हणून त्याने इंडियन क्रिकेट लीग काढली. पॅकरची सहीसही नक्कल. मंडळाने बंदी घातली. रायुडू तेव्हा बावीस वर्षांचा. काही महिन्यांत मंडळाने स्वतःची आयपीएल जाहीर केली, २००८ मध्ये ती सुरू झाली, आणि बंडवाल्यांनी लावलेल्या झाडाची फळे घरी राहिलेली मुले खाऊ लागली. २००९ मध्ये माफी मिळाली खरी, पण भारताची टोपी रायुडूच्या डोक्यावर चढायला २०१३ उजाडले.

त्या बंडाचा म्होरक्या होता कपिलदेव. मंडळाने त्याला राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या अध्यक्षपदावरून दूर केले होते. तोच कपिलदेव गोल्फचा मोठा शौकीन, आणि २०२४ मध्ये भारतातल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या जुन्या संघटनेचा, म्हणजे प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडियाचा, तो अध्यक्ष झाला. २०२५ मध्ये या संघटनेच्या शेजारी नवी चूल पेटली: इंडियन गोल्फ प्रीमियर लीग. गगनजीत भुल्लरसारखे नावाजलेले खेळाडू तिकडे गेले. आपल्या देशात या खेळाडूंतले कितीतरी जण कॅडींच्या आणि माळ्यांच्या घरांतून आलेले, एस. एस. पी. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबच्या हिरवळीची निगा राखत असत. त्यांना शुक्रवारचा कट अमेरिकेतल्यापेक्षा फार लागतो. गेलेल्यांना परत कसे घ्यायचे, दंड लावायचा की नुसता चहा पाजायचा, हा प्रश्न आता कपिलच्या टेबलावर आला आहे.